येथे पंचर काढून मिळेल

गेल्या श्रावणात आमच्या वसतिगृहाच्या खोलीत एक नवीन पाहुणा आला. उंचीने पाण्याच्या लहान बाटलीएवढा, रंगाने काळा, वजनाने अर्ध्या किलोच्या आतबाहेर. डोक्याला वीतभर रबरी नळी, पोटात मोबाईलसारखी चार्ज होणारी बॅटरी आणि कपाळावर आकडे दाखवणारी काच. गाडीच्या टायरला नळी जोडायची, हवा किती हवी तो आकडा लावायचा आणि बटण दाबायचे. मग हा पाहुणा पिठाच्या गिरणीसारखा आवाज करीत कामाला लागतो, आणि ठरवलेला आकडा आला की आपण होऊन गप्प बसतो. वायर नको, पायाने दाबणे नको, वीज आली का गेली याची चौकशी नको. हवा भरायचा पंप, पण पिशवीत टाकून कुठेही नेता येणारा!

पंप होता आमच्या कोरेगावच्या मैत्रिणीचा. ती रोज विजेच्या स्कूटरवरून कॉलेजला येते. जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर होतात. वाटेत टायर बसला तर पोरगी एकटी काय करील, या काळजीने तिच्या भावाने तो घेऊन दिला. काळजी खोटी नव्हती. माझे मामा साताऱ्यातच राहतात. त्यांच्या अंगणात एक जुनी 'प्रिया' स्कूटर अजून उभी आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीच्या साताऱ्यातल्या कारखान्यात या गाड्या तयार होत असत. मामा अभिमानाने सांगतात, "आमच्या गाडीला स्टेपनी असायची. पुढचं चाक, मागचं चाक एकाच मापाचं. पंक्चर झालं की दहा मिनिटांत चाक बदलून पुढं!" आताच्या स्कूटरना स्टेपनी नसते. म्हणून ही बाटलीएवढी स्टेपनी.

माझी खोलीतली मैत्रीण फलटणची. तिच्याजवळ बॅटरीवर चालणारी सायकल आहे. टायरमध्ये हवा कमी असली की अशा सायकलीला जास्त जोर लावावा लागतो आणि बॅटरी लवकर उतरते. त्यामुळे पंपाची गरज तिलाही होती. पंपाची मालकी कोरेगावची, पण मुक्काम आमच्या खोलीत, असा करार झाला.

पहिल्या दिवशी सायकलीत हवा भरून झाल्यावर फलटणची मैत्रीण म्हणाली, "सुटलो बाई! आता कुणाच्या त्या पंक्चरच्या दुकानात जाऊन उभं राहायला नको."

सगळ्याजणी हसल्या. तिचे म्हणणे काही चुकीचे नव्हते. रस्त्याकडेच्या अशा दुकानात चार रिकामी माणसे बाकावर बसलेली असतात. मुलगी गाडी ढकलत आली की सगळ्यांच्या माना वळतात. मीही हसले, मानही डोलावली. पण त्या 'कुणाच्या' शब्दाशी मी अडखळले. कारण अशा दुकानांपैकी एका दुकानात मी लहानाची मोठी झाले आहे. ते माझ्या वडिलांचे आहे.

पेठ नाक्याकडून सांगलीला येताना आष्टा जाते, तुंग जाते, आणि सांगलवाडी यायच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक चिंचेचे झाड लागते. झाडाखाली पत्र्याचे खोके. खोक्याबाहेर एक कॉम्प्रेसर, पाणी भरलेले घमेले, सोल्यूशनची डबी, कानस, कात्री, टायर उचकटायच्या दोन पहारी आणि एकावर एक रचलेले जुने टायर. वर पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरांत लिहिलेले आहे : 'येथे पंचर काढून मिळेल'. आठवीत असताना मी आण्णांना सांगितले होते, की हा शब्द 'पंक्चर' असा लिहितात. आण्णा हसून म्हणाले होते, "आगं, वाचून थांबत्यात न्हवं लोक? मग झालं!"

मला अक्षरओळख व्हायच्या आधी हवेची ओळख झाली. आण्णा माझा अंगठा टायरवर दाबून धरत आणि म्हणत, "ही सायकल. कच्च्या पेरूगत लागली पायजे. ही स्कूटर. हितं पाडाचा पेरू." पाच-सहा वर्षांची होईपर्यंत कोणत्या टायरला किती हवा लागते ते माझा अंगठा सांगू लागला होता. शाळेच्या पोरांच्या सायकलींना हवा फुकट. पंप पोरांनी स्वतःच मारायचा, एवढीच अट. कॉम्प्रेसर नंतर आला. त्याआधीच्या हातपंपाने आण्णांच्या दोन्ही तळहातांवर जे घट्टे पाडले, ते अजून तसेच आहेत.

आण्णांची शाळा सातवीत सुटली, आईची चौथीत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. २०२४ च्या जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरायला बसले, तेव्हा शेजारी बसून 'हे असे लिही, ते तसे लिही' म्हणून सांगणारे कुणी नव्हते. एका रकान्यात 'वडिलांचा व्यवसाय' असे होते. मी क्षणभर थांबले आणि लिहिले, 'व्यापार'. कुणी मला तसे लिहायला सांगितले नव्हते. कुणी विचारलेही नाही. ते माझे मीच केले.

एकदा एक गोष्ट केली की तिच्या मागून दुसरी येतेच. पहिल्या वर्षी फेब्रुवारीत मी आणि फलटणची मैत्रीण एका वक्तृत्व स्पर्धेसाठी एस.टी.ने सांगलीला निघालो होतो. तुंग मागे पडले तशी माझी छाती धडधडू लागली. चिंचेचे झाड दिसले. आण्णा ट्रॅक्टरच्या चाकाशी वाकून बसले होते. पाठीवर घामाने भिजलेला बनियन. गाडी वेगात होती, त्यांनी वर पाहिलेही नाही. मी मैत्रिणीला म्हणाले, "तिकडं बघ, ऊस किती उंच झालाय!" आणि तिने त्या बाजूला पाहिले. स्पर्धेचा विषय होता 'श्रमप्रतिष्ठा'. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. ते प्रमाणपत्र मी अजून कुणाला दाखवलेले नाही.

हे सारे त्या पंपामुळे वर आले. रोज कुणी ना कुणी तो मागायला येई. "हा आकडा कसला?" "पीएसआय म्हणजे काय?" मला सगळे ठाऊक होते. एक चौरस इंचावर किती पौंडांचा दाब, तो हा आकडा. आण्णांच्या भाषेत 'पॉइंट'. हवा गाडी चालवून आल्यावर मोजायची नसते, टायर थंड असताना मोजायची. कारण चालून टायर तापतो आणि आकडा फुगतो. माझ्या मामींच्या पेट्रोल स्कूटरला पुढे २२, मागे २९ आणि मागे कुणी बसणार असेल तर ३६ लागते. तुझ्या गाडीचे आकडे वेगळे असतील, ते गाडीच्या पुस्तकात पाहा. हे सगळे जिभेवर येई आणि मी गिळून टाकी. इतके माहीत असणे हेच संशयास्पद वाटे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी आम्ही चौघीजणी दोन स्कूटरवरून कासला निघालो. कासचे पठार म्हणजे आपल्या साताऱ्याचे वैभव. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेले. फुलांचा हंगाम भरात होता. यवतेश्वरचा घाट अर्धा चढलो असू-नसू, तोच कोरेगावच्या मैत्रिणीची गाडी मागून डुलू लागली. मी तिच्याच मागे बसले होते. टायर कसा बसतो ते कमरेला कळते. खाली उतरलो. मागचा टायर निम्मा बसला होता.

"घाबरू नका, आपल्याकडे यंत्र आहे!" असे म्हणत तिने पिशवीतून पंप काढला, नळी जोडली आणि बटण दाबले. घाटात यंत्राचा आवाज घुमू लागला. काचेवरचा आकडा चढू लागला. १८, २४, ३०, ३५. मी सवयीने टायरवर अंगठा ठेवला होता. पाडाचा पेरू झाला. कच्चा पेरू झाला. यंत्र काही थांबेना. ४० झाले, ४२ झाले.

"बंद कर! जास्त झाली," मी ओरडले.

"अगं, होईल ते आपोआप बंद. त्याला कळतं."

"त्याला काही कळत नाही. त्याच्यावर सायकलीची खूण आहे, बघ. काल सायकलीत हवा भरली, तेव्हा पन्नास लावले होते. ते तसेच राहिले आहे."

खरोखरच काचेवर छोट्या सायकलीचे चित्र होते. या यंत्रात सायकल, मोटारसायकल, मोटार, चेंडू अशी चित्रे असतात. ज्या चित्रावर बोट ठेवाल, त्याच्या आकड्यापर्यंत ते इमानेइतबारे हवा भरते. समोर काय जोडले आहे ते त्याला दिसत नाही. फुगून टणक झालेला टायर ओल्या घाटात, वळणावर, रस्ता नीट धरत नाही. मी पिन दाबून जादा हवा सोडली. मग टायर हाताने हळूहळू फिरवला, कान जवळ नेला. बारीक फुसफुस ऐकू आली. बोटाला थुंकी लावून तिथे टेकवली. बुडबुडा आला. बुडबुड्याच्या मध्यावर खिळ्याचे चकचकीत डोके!

मैत्रिणीने केसातली पिन काढून खिळा उचकटायला हात पुढे केला. मी तिचा हात धरला. "काढू नको. टायर ट्यूबलेस आहे. खिळा आत आहे तोवर हवा हळू जाईल. काढलास तर इथेच बसेल. हवा भरत भरत खाली उतरू."

तिघीही माझ्याकडे पाहत राहिल्या. माझी बोटे काळी झाली होती आणि अजून टायरवर होती.

"तुला गं एवढं कसं माहीत?"

खरे सांगण्यासाठी याहून सोपा क्षण आयुष्यात पुन्हा येणार नव्हता. नुसते दोन शब्द बोलायचे होते. मी म्हणाले, "आमच्या शेजारी एक पंक्चरवाले आहेत."

फुलांचा बेत तिथेच राहिला. दोन ठिकाणी थांबून, पुन्हा पुन्हा हवा भरून आम्ही गाडी साताऱ्यात आणली. पोवई नाक्याच्या पुढे एका दुकानात नेली. तिथले मामा वयस्कर होते. त्यांनी खिळा पाहिला, आम्हा चौघींकडे पाहिले आणि विचारले, "खिळा जाग्यावर ठिवून आणायची अक्कल कुणाची?" मैत्रिणींनी माझ्याकडे बोट दाखवले. "कुणी शिकवलं गं, पोरी?" मी तोंड उघडायच्या आत कोरेगावची मैत्रीण म्हणाली, "तिच्या शेजारी पंक्चरवाले आहेत ना, त्यांनी."

"शेजारी चांगला हाय," मामा म्हणाले आणि कामाला लागले.

माझ्या वडिलांना मी शेजारी करून टाकले होते, आणि आता दुसरी माणसेही त्यांना शेजारी म्हणू लागली होती. त्या रात्री मला झोप आली नाही.

सांगता येत नव्हते, म्हणून वाचत बसले. ग्रंथालयात हवेच्या टायरबद्दल मिळेल ते काढले. हवेच्या टायरचे पहिले पेटंट १८४५ साली रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने घेतले होते, पण ते पुढे विस्मरणात गेले. मग बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉपने पुन्हा ती युक्ती शोधली आणि १८८८ साली पेटंट घेतले. हा डनलॉप मोठा इंजिनिअर असेल असे मला वाटले होते. तो जनावरांचा डॉक्टर होता! मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर दणके बसतात, म्हणून त्याने चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली. बापाने लेकराचे दणके कमी करावेत म्हणून निघालेली ही वस्तू! पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसून होते.

त्याच १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यातूनच पुढे नांगर आले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथे पाण्याचे पंप तयार होतात. ते नांगर खपवण्यासाठी खेडोपाडी हिंडलेल्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे आणि माझ्यासारख्यांच्या घरात कॉलेज आणणारे तेच हे अण्णा. सायकलीच्या दुकानापासून निघालेला धागा असा आपल्यापर्यंत येतो. हे सारे मी वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेतले. परंतु मोठ्या माणसांच्या दुकानाविषयी लिहिताना माझा हात थांबला नाही आणि आण्णांच्या दुकानाविषयी एका रकान्यात तो थांबला, हे काही त्या वहीने मिटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीला निघताना कोरेगावच्या मैत्रिणीने पंप माझ्या हातात ठेवला. "याचा आकडा बरोबर दाखवतोय का, तेवढं तुझ्या त्या शेजाऱ्यांकडून तपासून आण." मी तो पिशवीत टाकला. या वेळी मुद्दाम रेल्वेने गेले. म्हणजे चिंचेचे झाड लागणार नव्हते. कऱ्हाड गेले, किर्लोस्करवाडीचे स्टेशन आले आणि गेले. पिशवीतला पंप मांडीला टोचत होता. मनात एकच प्रश्न होता. हे यंत्र आण्णांच्या समोर कसे धरायचे? ज्यांच्या तळहाताला हवेने घट्टे पाडले, त्यांच्या हातात हवा भरणारी बाटली द्यायची, म्हणजे 'आता तुमचे काम संपले' असे सांगण्यासारखेच नव्हे का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेले. पंप बाकावर ठेवला.

"काय गं ह्ये? खेळणं हाय व्हय?"

मी सांगितले. आण्णांनी हात धोतराला पुसून पंप उचलला, उलटासुलटा केला, कानाशी नेऊन हलवला. मग एका स्कूटरचा टायर रिकामा करून त्याला जोडला. यंत्र ओरडू लागले तसे शेजारचे चहावालेही येऊन उभे राहिले. चारएक मिनिटांत काचेवर ३० आले आणि आवाज थांबला. आण्णांनी नळीच्या तोंडाला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. "तापलंय की गं! आपला हातपंप बी असाच बुडाला तापायचा. हवा दाबली की तापतीच. म्हंजे आत ह्याच्या बी दट्ट्याच हाय, बारका." आत खरोखरच मोटारीवर चालणारा छोटा दट्ट्या असतो. ते मी पुस्तकात वाचले होते. आण्णांना ते बोटाने कळले.

मग त्यांनी आपले गेज लावले. गेजवर ३२ दिसले. पंप म्हणत होता ३०.

"पंपाचा आकडा चुकतोय," मी म्हणाले. खरे तर मला तसेच व्हायला हवे होते.

आण्णा काही बोलले नाहीत. ती स्कूटर ढकलत जवळच्या पेट्रोल पंपावर नेली आणि तिथल्या यंत्रावर हवा मोजून आणली. परत आले ते हसतच. "तीस! ह्येचं बराबर हाय. माझ्याच गेजचा काटा म्हातारा झालाय. किती दिस लोकांना दोन-दोन पॉइंट कमी दिली म्हनायची!" असे म्हणून त्यांनी ते जुने गेज भंगाराच्या डब्यात टाकले. चहावाल्यांच्या देखत, माझ्या देखत. संध्याकाळी सांगलीत जाऊन नवे आणले. आपली चूक कळणे आणि ती बोलून दाखवणे यांच्यात त्यांनी स्कूटर परत ढकलत आणण्याएवढासुद्धा वेळ घेतला नाही. मला दीड वर्ष लागले होते आणि अजून बोलले नव्हते.

गंमत म्हणजे दुपारी एक म्हातारे शेतकरी जुनी सायकल घेऊन आले. आण्णांनी हौसेने तोच पंप त्या सायकलीला लावला. आकडा झपाट्याने वर गेला, यंत्र थांबले, पण टायर मऊच. त्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते. ती हवा आत जाऊ देते, पण बाहेरच्या काट्याला आतला खरा दाब कळू देत नाही. आण्णांनी अंगठा दाबून पाहिला आणि आकडा आणखी वर लावून यंत्र पुन्हा चालू केले. म्हणाले, "हितं आंगठाच पायजे."

रात्री जेवताना मी धीर करून विचारले, "आण्णा, असे पंप घरोघर आले तर आपल्याकडे कोण येणार?"

"आगं, हवेवर कवा घर चाललंय आपलं? पोरास्नी तर फुकटच देतो की. घर चालतंय ते पंचरवर. ह्यो हवा भरतोय, पर भोक कुठं हाय ते ह्याला कुठं कळतंय?" घास घेऊन ते पुढे म्हणाले, "चांगल्या टायरची बी हवा म्हैन्याला पॉइंट-दोन पॉइंट उतरतीच. रबरातनं जाती. त्याला हवा भरली की झालं. पर रोजच्या रोज हवा भराय लागली तर समजायचं, आत कायतरी शिरलंय. लोक काय करत्यात, पंप हाताशी हाय म्हनून भरतच ऱ्हात्यात. टायर आतनं खराब हुतोय, ते त्यास्नी दिसत न्हाय."

ते टायरविषयीच बोलत होते. मी ताटाकडे पाहत राहिले. एका रकान्यात एक खिळा घुसला होता. तेव्हापासून मी रोज हवा भरत होते. एस.टी.त उसाची, घाटात शेजाऱ्यांची.

आण्णांचे मात्र दुसरेच चालले होते. "ह्ये २०१९ ला पायजे हुतं," ते म्हणाले. त्या ऑगस्टचा महापूर मी तेरा वर्षांची असताना पाहिला आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांपर्यंत गेले. आमचे दुकान पाण्याखाली, कॉम्प्रेसर पाण्याखाली, वीज नाही. आण्णांनी वर काढून ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूब हातपंपाने एकेक करून फुगवल्या. त्यांच्या आधाराने गल्लीतली शेरडे, धान्याची पोती आणि दोन म्हाताऱ्या कोरड्या जागी आल्या. दोन दिवस त्यांना हाताची मूठ मिटता येत नव्हती. ही गोष्ट मी कॉलेजात कुणालाच सांगितलेली नाही. सांगितली असती, तर हातपंप कुठून आला तेही सांगावे लागले असते.

सुट्टी संपवून परत आले. कोरेगावची मैत्रीण फाटकापाशीच भेटली. "काय म्हणाले तुझे शेजारी? आकडा बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हणाले. "आणि ते शेजारी नाहीत. माझे वडील आहेत."

माझी कल्पना होती की ती म्हणेल, 'अगं, त्यात काय झाले?' ती तसे म्हणाली नाही. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे घाटात तू मला खोटं सांगितलंस? मी त्या दुकानात सगळ्यांसमोर तेच बोलले. माझे वडील दुसऱ्याच्या रानात वाट्याने शेती करतात, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला काय समजलीस तू?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटत होते की मी फक्त आण्णांना लपवले. मैत्रिणींनाही मी हलके समजत होते, हे मला तेव्हा कळले. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन खोलीवर आली. पंप हातात घेऊन म्हणाली, "मागे दोघी बसणार असू, तर किती लावू? पुस्तकातला आकडा मला सापडत नाही." आम्ही दोघींनी मिळून तो शोधला. फलटणच्या मैत्रिणीलाही मी सगळे सांगितले, उसाचेसुद्धा. ती म्हणाली, "तरीच! उसात बघण्यासारखं काय आहे, असं मला तेव्हाच वाटलं होतं."

आण्णांनी जानेवारीत तसाच एक पंप घेतला. रात्री-अपरात्री रस्त्यात अडकलेल्या गाड्यांकडे आता ते तो पंप, रबरी दोऱ्या आणि आरी पिशवीत घालून सायकलवरून जातात. पूर्वी लोकांनाच गाडी ढकलत आणावी लागे. त्यात बायकामुलींचे फोन जास्त असतात, असे आई सांगते. दुकानात येऊन उभे राहायचा संकोच, म्हणून दुकानच त्यांच्याकडे जाते!

मकरसंक्रांतीला घरी गेले, तेव्हा आण्णांनी फळ्यावर नवी ओळ लिहायचे काम माझ्यावर सोपवले. मी ब्रश घेतला आणि जुन्या ओळीखाली लिहिले : 'गाडी जागेवर असेल तेथे येऊन'. मग ब्रश हातात तसाच धरून विचारले, "आण्णा, वरचं 'पंचर' नीट करू का?"

"नगं," आण्णा म्हणाले. "लोक पंचरच म्हनत्यात."

मी ते तसेच ठेवले. येत्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा अर्ज भरायचा आहे. त्यात तोच रकाना पुन्हा असेल. 'व्यापार' हा शब्द आता तिथे येणार नाही. पंक्चर लिहायचे की पंचर, एवढेच काय ते ठरायचे आहे.